सूर उतरतो, दोष चाव्यांचा?

शॉर्ट-स्केल बास गिटारमध्ये तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ३० इंच असते, नेहमीच्या बासमध्ये ३४. तीच तार त्याच सुरात लावायला येथे जवळपास २२ टक्के कमी ताण पुरतो. अशी सैल तार जराशी सरकली तरी सूर ढळतो. मग स्वस्त वाद्याच्या चाव्यांना (तारा ताणणाऱ्या खुंट्यांना) दोष दिला जातो.

चावीतले मळसूत्र दातेरी चाक फिरवते. चाक मात्र मळसूत्राला उलटे फिरवू शकत नाही. त्यामुळे दाते शाबूत असतील तर साधी चावीही ताण धरून ठेवते. तार अडकते ती बहुधा नटमध्ये (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी). दोर विहिरीच्या कठड्यात रुतला की बादली आधी हलत नाही, मग गचक्याने वर येते. अरुंद खाचेत तारेचेही तेच होते. बारीक कानसीने खाच तारेच्या जाडीइतकी करून तीत पेन्सिलीच्या शिशाची पूड भरली की बहुतेक तक्रार मिटते.

दुसरे कारण हवा. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पुढे पावसाळी दमटपणा येतो आणि लाकडी मान वाकते. त्यावर उपाय ट्रस रॉड (मानेतली पोलादी कांब), तोही एका वेळी पाव फेराच. जाडजूड पितळी ब्रिज (तारांचे खालचे टोक धरणारा भाग) दिमाखदार खरा, पण सूर टिकवायला त्याचा फारसा उपयोग नाही. हलक्या चाव्यांनी मात्र डोक्याकडे झुकणारे वाद्य सावरते. त्या घेण्यापूर्वी जुन्या भोकांचा व्यास मोजावा, कारण सगळ्या चाव्या एका मापाच्या नसतात.