कोणत्या वेळची वीज, किती रुपयांना?

जानेवारीतली रात्र. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडची बांधी, पायाखाली गार चिखल, हातात टॉर्च आणि काठी. उन्हाळी धानाच्या रोवणीसाठी मोठेबाबा मोटरपंप सुरू करायला निघाले की मोठीआई दारात जागी बसायची. साप, अस्वल, आता तर नवेगाव-नागझिऱ्याचा वाघ. आठवड्यातले काही दिवस शेतीची वीज रात्रीच येई, त्यामुळे पाणीही रात्रीच. मी मोठेबाबांना एकदा सौर आणि अणुविजेचे भाव सांगायला लागले, तर त्यांनी मधेच अडवलं. “स्वस्त म्हणतेस बाई, पण कोणत्या टाइमाची?”

विजेच्या खर्चावर मी बरंच वाचलं आहे. पण त्यांच्या या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला कुठे भेटला नाही.

आधी भांडवल पाहू. मे 2017 मध्ये केंद्राने 700 मेगावॅटच्या दहा स्वदेशी अणुभट्ट्यांना मंजुरी दिली. अंदाजित खर्च 1,05,000 कोटी, म्हणजे मेगावॅटमागे 15 कोटी. सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे साधारण 4 कोटी लागतात. इथेच थांबून सौर चौपट स्वस्त म्हणणारे फसतात. सूर्य रात्री नसतो, ढगातही जातो, त्यामुळे आपल्याकडे एक मेगावॅट सौर पॅनेल वर्षाला सोळा-सतरा लाख युनिट देतं. एक मेगावॅटची अणुभट्टी ऐंशी टक्के क्षमतेने चालली तरी 70 लाख युनिट देते. भागाकार केला की वर्षाच्या एका युनिटमागे अणुऊर्जेला सुमारे 21 रुपये भांडवल लागतं आणि सौरला सुमारे 24. जवळजवळ बरोबरीच! शिवाय अणुभट्टी पॅनेलच्या दुपटीहून अधिक वर्षं टिकू शकते.

मग निविदांमध्ये सौरचा भाव इतका खाली का येतो? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तो तीन रुपयांच्या आसपास राहिला. उत्तर व्याजात आहे. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात वीज विकू लागतो. गुजरातमधल्या काकरापारच्या तिसऱ्या अणुभट्टीचं काम 2010 मध्ये सुरू झालं आणि व्यावसायिक उत्पादन जून 2023 मध्ये. नऊ टक्के व्याजाने शंभराचे आठ वर्षांत दोनशे होतात, आणि तोवर भट्टीने एक युनिटही विकलेलं नसतं. जैतापूरसाठी ठरलेल्या फ्रेंच ईपीआर भट्टीची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. फ्रान्समधल्या फ्लामानव्हिलला तिचं काम 2007 मध्ये सुरू झालं. खर्च धरला होता 3.3 अब्ज युरो. तो 13 अब्जांवर गेला आणि भट्टी ग्रिडला जोडली गेली डिसेंबर 2024 मध्ये. जैतापूरला अशा सहा उभ्या करायच्या आहेत, एकूण 9,900 मेगावॅट.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 मध्ये सुरू झाल्या. कर्ज फिटल्यावर कितीतरी वर्षं त्यांची वीज रुपयाच्या आसपास मिळत होती. अणुवीज म्हणजे पहिल्या पिढीने फेडायची आणि दुसऱ्या पिढीने वापरायची वीज. भट्टी पुढे मोडीत काढण्यासाठी दर युनिटमागे दोन पैसे बाजूला ठेवले जातात. मला ते फार तुटपुंजे वाटतात.

आपल्याला सर्वांत जवळचा अणुप्रकल्प बालाघाट ओलांडून मंडला जिल्ह्यात, नर्मदेच्या बरगी जलाशयाकाठी चुटका इथे ठरला आहे. 2017 च्या त्या दहांपैकी दोन भट्ट्या तिथल्या. बरगी धरणाने एकदा उठवलेल्या गोंड कुटुंबांना पुन्हा उठायला सांगितलं जातंय, ही किंमत कोणत्याच दरपत्रकात येत नाही.

गोंदिया काही विजेला परका नाही. तिरोड्याचा 3,300 मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प इथलाच आणि त्याची वीज 765 केव्हीच्या तारांवरून अकोला, छत्रपती संभाजीनगरकडे जाते. त्याच तारांखालच्या बांधीत रात्रीचं पाणी द्यावं लागतं, याचा मला आजही राग येतो.

आता मोठेबाबांच्या प्रश्नाकडे. धानाची गरज आणि सूर्याचं वेळापत्रक इथे नवल वाटावं इतकं जुळतं. उन्हाळी धान जानेवारी ते मे, म्हणजे ऊन कडक तेव्हाच पाण्याची ओढ. पावसाळ्यात ढग दाटले की पॅनेल मंदावतं, पण पंपही बंदच असतो. हस्ताचा पाऊस हुकला आणि धान निसवताना पाणी हवं झालं, तर आकाश निरभ्र असतं. बॅटरीचा खर्च वाढतो तो दिव्यांसाठी, टीव्हीसाठी, शहराच्या संध्याकाळसाठी. पंपाला बॅटरी लागत नाही. म्हणून शेतीपुरता मी निःशंकपणे सौरच्या बाजूने आहे. मुंबईच्या लोकलसाठी इतक्या खात्रीने बोलणार नाही, तिथे रात्रंदिवस सारखी चालणारी वीज काहीतरी मोलाची असते.

सौरचा खरा खर्च आपल्याकडे जमिनीत आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार, दरवर्षी तीन टक्के वाढीसह. एकरी अठरा क्विंटल धान धरलं, तर 2025-26 च्या 2,369 रुपये हमीभावाने हाती येतात 42,642. त्यातून बियाणं, खत, मजुरी वजा. म्हणजे बांधी भाड्याने दिलेली परवडली. मालकाला परवडली. रोवणीला ओणव्या राहणाऱ्या बाया, कापणीचे मजूर, यांच्यासाठी त्या करारात एक ओळही नसते. उपकेंद्राजवळच्या चांगल्या बांधीवर पॅनेल येणार असतील, तर गावसभेत आधी त्यांना विचारावं असं मला मनापासून वाटतं.

आणि बांधीला हात न लावता होण्यासारखं बरंच आहे. गोंदियात राईस मिलच्या पत्र्यांची लांबच लांब छपरं आहेत. धान मळून झाल्यावर, डिसेंबरपासून, भर उन्हात मिल चालते. घराच्या छतावर तीन किलोवॅट बसवलं तर पीएम सूर्यघरचं 78,000 रुपये अनुदान मिळतं.

मोठेबाबांनी गेल्या वर्षी सौर पंपासाठी अर्ज केला, दहा टक्के हिस्सा भरला. यंदाची उन्हाळी रोवणी दिवसा होणार आहे.