एका चौकोनात न मावणारा सह्याद्री

महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी 5,500 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला सरळ रेषेत जेमतेम 25 किलोमीटरवर असलेल्या वाईत तो हजारही गाठत नाही. जमीनही तशीच पालटते. पाचगणीच्या टेबललँडवर जांभा, उतारांवर मुरूम, कृष्णाकाठी खोल काळी.

पुढच्या पन्नास वर्षांचे हवामान मांडणाऱ्या संगणकीय मॉडेलांना हा पालट दिसतच नाही. ती पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतात आणि जागतिक मॉडेलात चौकोनाची बाजू बहुधा 100 किलोमीटरांच्या आसपास असते. म्हणजे हर्णैच्या किनाऱ्यापासून साताऱ्यापर्यंतचा पट्टा एकाच चौकोनात येऊ शकतो. त्या सगळ्याला उंची एक, पाऊसही एकच. ज्या कड्याला अडून ढग रिते होतात तो कडाच सपाट झाला, की घाटमाथ्यावरचा पाऊस घटतो आणि पर्जन्यछायेची रेघ पुसट होते. ‘कॉर्डेक्स’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमातली दक्षिण आशियाची प्रादेशिक मॉडेले 50 आणि 25 किलोमीटरपर्यंत उतरली आहेत. तरीही महाबळेश्वर आणि वाई एकाच घरात पडू शकतात.

मातीचा पेच याहून अवघड. ओल्या जमिनीवर पडलेले ऊन बरेचसे बाष्पीभवनात खर्ची पडते, कोरड्या जमिनीवरचे हवा तापवते. अर्ध्या चौकोनात ओली काळी आणि अर्ध्यात सुकलेला मुरूम असेल, तर सरासरी काढून ‘मध्यम ओली’ जमीन मिळते. अशी जमीन त्या भागात कुठेच नसते! शिवाय ओलावा घटत गेला की बाष्पीभवन काही काळ टिकून राहते आणि मग झपाट्याने कोसळते. त्यामुळे सरासरी जमिनीचा हिशेब खऱ्या दोन जमिनींशी जुळत नाही.

काळ्या मातीचे वागणे तर आणखी निराळे. मे महिन्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. वळवाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते, वरची ढेकळे मात्र कोरडीच. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि तेच पाणी आता वर साचते. मग शेतकरी वापशाची वाट बघत बसतो. महिन्याभरात अशी कूस बदलणारी माती बहुतेक मॉडेलांच्या समीकरणांत नाही.

त्यात पावसाची तऱ्हा. तासाभरात धो धो कोसळलेली सर मॉडेल सगळ्या चौकोनावर दिवसभराची रिपरिप म्हणून पसरवते. खरी सर मुरमावरून ओढ्याला जाते. कागदावरची रिपरिप मुरत राहते.

हे तपशील फुटकळ नाहीत. 2004 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात डझनभर मॉडेलांची तुलना होती. जमिनीतला ओलावा पावसावर ठळक परिणाम करतो अशा मोजक्या प्रदेशांत अमेरिकेची मध्यवर्ती मैदाने आणि आफ्रिकेचा साहेल यांच्यासोबत भारतही होता.

मे 2025 मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली 6 किलोमीटरची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. ती काही दिवसांच्या अंदाजासाठी आहे, पण घाट तिला नक्कीच बरा दिसतो. मात्र चौकोन बारीक करून मातीची माहिती बारीक होत नाही. उपग्रहांना वरच्या काही सेंटिमीटरांपलीकडचा ओलावा कळत नाही. याच संस्थेच्या आवारात वैश्विक किरणांतून निघणारे न्यूट्रॉन मोजणारे यंत्र आहे. माती जितकी ओली, तितके न्यूट्रॉन कमी. भोवतालच्या शे-दोनशे मीटरांचा ओलावा त्यातून कळतो. अशी यंत्रे मावळच्या खाचरात, माणच्या माळावर आणि परभणीच्या काळ्या रानातही हवीत, आणि ती सलग दहा-वीस वर्षे चालू राहायला हवीत.