डोंगराचा फोटो, दूरचा दोस्त

आपल्या गावचा डोंगर आपण रोज पाहतो. त्यात नवल ते काय? पण पोटासाठी मुंबईला किंवा दुबईला गेलेल्या माणसाला विचारा. ओढ्याला पाणी आलं, माळ हिरवा झाला, हे पाहायला त्याचा जीव तहानलेला असतो.

पूर्वी यासाठी पोस्टकार्ड होतं. आपल्याकडे ते १८७९ साली सुरू झालं. 'इकडील सर्व क्षेम' एवढं कळायला चार-चार दिवस लागत. आता मोबाइलवर फोटो काढा, व्हॉट्सॲपवर टाका, की लगेच पोचतो.

तो जातो कसा? फोन त्या चित्राचे आकडे करतो. हे आकडे बिनतारी लहरींवरून जवळच्या टॉवरकडे जातात. पुढे काचेच्या, केसासारख्या बारीक धाग्यांतून ते प्रकाशाच्या रूपाने धावतात. असे धागे जमिनीखाली आहेत, समुद्राच्या तळाशीही आहेत. दोस्ताचा फोन त्या आकड्यांचं पुन्हा चित्र करतो. डोंगर मात्र जागचा हलत नाही!

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कॅमेऱ्याला जागा नोंदवायची मुभा दिलेली असेल, तर फोटो कुठे काढला हे फोटोच्या पोटातच लिहिलं जातं. वरून ते दिसत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला, तर ही नोंद गळून पडते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर ती सोबत जाते.

स्टेटसवर टाकलेलं २४ तासांनी दिसेनासं होतं. पण तेवढ्यात कुणी त्याची नक्कल काढून ठेवली तर? म्हणून 'सगळे लग्नाला निघालो' हे परत आल्यावर लिहावं. आधी लिहिलं, तर घराला कुलूप आहे हे चोरालाही कळतं.

कधी न पाहिलेला माणूसही फोटोवरून दोस्त होतो. होऊ द्या. गप्पा माराव्यात. पण त्याने पैसे मागितले, ओटीपी विचारला, की बोलणं तिथंच थांबवा. आणि पाणवठ्यावरच्या बायकांचा फोटो त्यांना न विचारता काढू नये, मग पाठवणं तर दूरच.

गुलाबाचे आयते फोटो रोज सकाळी पाठवणारे पुष्कळ आहेत. त्यांत गावाकडची खबर कुठली? त्यापेक्षा आपलाच फोटो पाठवावा आणि खाली लिहावं, 'खंडोबाचा माळ, २० जून. पेरणी झाली. गाय व्याली. आईचा गुडघा आता बरा आहे.'