ट्रेलरच्या चासीला कुठला रंग? आधी मिठाचं बघा

गंजावर पीएचडी करतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग रंग कुठला चांगला?" मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न बहुधा गाडीवाल्यांकडून येतो. न्हावा शेव्याहून गुजरातकडे जाणारे ट्रेलर घोडबंदर रस्त्याने काशिमिऱ्याला येतात आणि वसईची खाडी ओलांडतात. कित्येक इथेच उभे राहतात. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये मिठागरं. चासीवर टनावारी वजन असतं. वेल्डिंगच्या सांध्याशी पत्रा खाल्ला गेला, तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न उरत नाही.

रंग पाणी अडवत नाही

आपल्याला वाटतं रंग म्हणजे रेनकोट. तसं नाहीये. केंब्रिजमधल्या जे. ई. ओ. मेन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं, की लोखंड गंजायला जेवढं पाणी आणि ऑक्सिजन लागतो, तेवढा साध्या रंगाच्या थरातून आरामात आत जातो. मग रंग वाचवतो कसा? गंजणं ही विजेची क्रिया आहे. लोखंडावर एका जागी धातू विरघळतो, दुसऱ्या जागी ऑक्सिजन वापरला जातो, आणि दोन्हींमध्ये भारित कण, म्हणजे आयन, फिरावे लागतात. चांगला रंग आयनांची ही वाट अडवतो.

आता रंगाच्या खालीच मीठ राहिलं असेल तर? आयन आधीच आत बसलेत. वर कितीही महाग डबा ओता.

मीठ काय करतं

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, हे घरोघरी माहीत आहे. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला पाघळायला लागतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते साधारण ३३ टक्क्यांपासूनच हवेतलं पाणी ओढतं. म्हणजे खारा थर बसलेली चासी आपल्याकडे जवळजवळ वर्षभर ओलीच असते. रंगाखालचं मीठ तसंच पाणी ओढतं, फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात.

जहाजांच्या बॅलास्ट टाक्या रंगवण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमात पृष्ठभागावर राहिलेल्या मिठाची मर्यादा चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम आहे. चहाच्या चमचाभर मिठाचा साधारण शंभरावा भाग! एवढं मीठ डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून आधी जोराच्या फवाऱ्याने गोड्या पाण्याने धुवा, तेल-ग्रीस काढा, मगच घासा. नाहीतर ब्रशने मीठ पत्र्यातच रगडलं जातं. घासून झाल्यावर पुन्हा धुवा आणि लगेच वाळवा. खाडीकाठच्या बोअरिंगचं पाणी खारं असेल, तर धुवून काही उपयोग नाही.

मग रंग कुठला?

हे पत्रा किती साफ होणार आहे, त्यावर ठरतं.

सँडब्लास्टिंग करून पत्रा उघडा होणार असेल, तर झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर घ्या. त्यातलं जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं, त्यामुळे खडी उडून ओरखडा पडला तरी तिथला पत्रा काही काळ वाचतो. आयएसओ १२९४४ प्रमाणे सुकलेल्या थरात वजनाने निदान ८० टक्के जस्त हवं. मात्र जस्त आणि लोखंड यांचा थेट स्पर्श लागतो.

नुसता वायर ब्रश फिरणार असेल, तर झिंक प्रायमर म्हणजे पैसे पाण्यात. मध्ये गंज उरला की स्पर्श तुटला. तिथे उरलेला घट्ट गंज चालवून घेणारा दोन डब्यांचा इपॉक्सी मॅस्टिक बरा. गॅरेजमधलं नेहमीचं रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण खाऱ्या हवेत त्यावर फार भिस्त ठेवू नका.

वरचा थर पॉलियुरेथेनचा, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखा पांढरट होतो. चासीच्या पोटाला ऊन लागतच नाही, तिथे इपॉक्सीवर भागतं. तेवढे पैसे वाचवा. खाऱ्या किनाऱ्याची हवा आयएसओच्या सी-५ वर्गात येते. तिथे १५ ते २५ वर्षांचं संरक्षण हवं असेल तर झिंक प्रायमर धरून निदान तीन थर आणि एकूण २६० मायक्रॉन जाडी सांगितली आहे. हा आकडा स्थिर बांधकामांसाठीचा आहे. खडी खाणाऱ्या, हादरणाऱ्या ट्रेलरला तेवढी वर्षं मिळतील असं समजू नका.

गॅरेजमध्ये उभं राहून बघायच्या गोष्टी

- धारदार कडा घासून गोल करा. ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि थर तिथेच पातळ राहतो.
- कडा, वेल्डिंग आणि बोल्ट यांना आधी ब्रशने एक जादा हात द्या, मग स्प्रे करा.
- पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. उघड्यावर जुलैत हे जमणं कठीण. काम हिवाळ्यात काढा.
- हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला, अंदाजाने नाही.
- पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांनी दमा जडू शकतो. स्प्रे मारणाऱ्याला तोंडाला फडकं पुरत नाही. नीट मास्क आणि हवा खेळती हवी.

डब्यावर "सॉल्ट स्प्रे १००० तास" असं लिहिलेलं असतं, त्यावरून वर्षं मोजू नका. त्या चाचणीत ३५ अंशांवर सतत खारा फवारा असतो. ऊन नाही, सुकणं नाही, खडी नाही.

रंगाचं कोटेशन मागाल तेव्हा कंपनीचं नाव शेवटी विचारा. धुणार कशाने, घासणार कशाने आणि किती मायक्रॉन, हे तीन प्रश्न आधी.