गोवराची लस घेतली, मग गालगुंड का?

दुसरबीडच्या एका शाळेत मुलांशी गप्पा मारत होतो. आठवीतल्या मुलीने विचारले, "सर, मला लहानपणी गोवराची लस दिली होती. तरी मागच्या वर्षी गालगुंड झाले. लस वाया गेली का?" मागून एक मुलगा म्हणाला, "हिची प्रतिकारशक्तीच कमी!"

त्याची चूक खरे तर शब्दाची आहे. 'शक्ती' म्हटले की ती अंगात साठवायची, खाऊनपिऊन वाढवायची वस्तू वाटते. (२०२० साली कोरोनाच्या साथीत या एका शब्दावर किती काढे खपले!) इंग्रजीतला 'इम्युनिटी' हा शब्द मात्र मुळात महसूलखात्यातला. लॅटिनमध्ये 'मुनुस' म्हणजे सार्वजनिक कर्तव्य, सरकारदेणे. ते ज्याला माफ, तो 'इम्युनिस'. जपानी शब्द आहे 'मेन्एकी': 'मेन्' म्हणजे माफी, 'एकी' म्हणजे साथ. सामुराईंचा उदय झाला त्या काळी जपानात 'शोएन' नावाच्या खासगी जहागिरी होत्या. त्यांतल्या काहींना 'फुयु', म्हणजे सारामाफी असे. काहींना 'फुन्यू'ही असे, म्हणजे सरकारी अंमलदाराला हद्दीत पाऊल टाकायला बंदी.

जपान दूर वाटत असेल, तर लखुजी जाधवांचे सिंदखेडराजा जवळच आहे. तिथल्या मुलांना इनाम आणि सनद समजावून सांगावी लागत नाही. सनद ठरावीक जमिनीची असे. ती दाखवून शेजारच्या शेताचा सारा चुकत नसे.

लशीचे तसेच. आपल्या रक्तातल्या प्रत्येक बी-पेशीवर एकाच प्रकारचे ग्राहक रेणू असतात. गोवराच्या विषाणूशी ज्यांचे रेणू जुळतात, तेवढ्याच पेशी लस टोचल्यावर वाढतात, प्रतिपिंडे तयार करतात आणि त्यांतल्या काही 'स्मृतिपेशी' म्हणून वर्षानुवर्षे टिकतात. गालगुंडाचा विषाणू गोवराच्याच कुळातला, पण त्याच्या पृष्ठभागावरची प्रथिने निराळी. या पेशी त्याला ओळखत नाहीत. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची त्यात नसते. मुलीची लस वाया गेली नव्हती.

उपमा एका जागी लंगडी पडते. इनामदार सनद पेटीत ठेवून स्वस्थ बसे. शरीराला बसता येत नाही. इथे 'फुन्यू' नाही, विषाणू हद्दीत शिरतोच. स्मृतिपेशी त्याला पसरण्याआधी गाठतात, इतकेच.

आणि गोवर तर दप्तरालाच आग लावतो. लस न घेतलेल्या मुलांचे रक्त गोवराच्या आधी व नंतर तपासले, तेव्हा जुन्या रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्या मुलीची लस गालगुंड थांबवू शकली नाही, पण तिचे बाकीचे दप्तर तिने जळू दिले नाही.