पिकअपला रॉक स्लायडर घरी बसवायचे तर काय काय बघावं



1 जूनला बंदी लागते ती 31 जुलैपर्यंत. होड्या वर ओढून झाकल्या की गाडीकडे बघायला वेळ मिळतो. गेल्या पंधरा दिवसांत तीन-चार जणांनी संस्थेत येऊन एकच विचारलं की पिकअपच्या दाराखाली लावतात ते जाड पाइप, म्हणजे रॉक स्लायडर, ते मागवून घरीच बसवता येतात का? येतात. दोन माणसं असली तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण काही गोष्टी आधी माहीत हव्यात, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मोठं झालंय, पण पूर्ण वाचा.

पहिलं म्हणजे, स्लायडर आणि साइड स्टेप एक नव्हे. बाजारात चकचकीत पाइपची पायरी मिळते ती पाय ठेवून चढायला. ती केबिनच्या पत्र्याला किंवा पातळ पट्टीला लावलेली असते. तिच्यावर गाडी टेकली तर ती वर वाकते आणि जे वाचवायचं तेच, म्हणजे दाराखालचा उंबरठा, चेपून टाकते. मग दार लागत नाही. स्लायडर जाड पोलादी पाइपचा असतो आणि त्याचे पाय थेट चेसिसच्या लांब दांड्याला बोल्टने धरलेले असतात. गाडीचा एका बाजूचा भार त्याच्यावर आला तरी तो भार चेसिसवर जातो, पत्र्यावर नाही. दुकानदाराला एवढंच विचारा, "हा चेसिसला लागतो की बॉडीला?" बॉडीला म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आता हा लागतो कोणाला? ज्यांची गाडी रापणीच्या वेळी किनाऱ्यापर्यंत जाते, वाळूतून वर येताना चिऱ्याच्या कडेवर घासते, किंवा माडांच्या बागेतून दगडांच्या वाटेने जाते, त्यांना. दाराखालचा उंबरठा पोकळ पत्र्याचा असतो. एकदा चेपला, रंग उडाला, की खारं पाणी आत शिरतं आणि तो आतून खाल्ला जातो. वरून बरा दिसतो आणि एके दिवशी बोट लावलं की आरपार. जो फक्त जेटीवरून डांबरी रस्त्याने म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात जातो त्याला स्लायडरची गरज नाही, हे माझं स्पष्ट मत. त्याने ते पैसे गाडीच्या पोटाखाली धुण्या-रंगवण्यावर घालावेत. आणि ज्या छोट्या गाड्यांची केबिन पुढच्या चाकावरच बसलेली असते त्यांच्या दाराखाली असा पाइप लावायला जागाच नसते. बोलेरो पिकअप, कॅम्पर, डी-मॅक्स अशा नाक पुढे असलेल्या आणि वेगळी चेसिस असलेल्या गाड्यांचाच हा विषय आहे.

वजनाचा हिशोबही आधी करा. दोन्ही बाजूंचे मिळून चाळीस ते साठ किलो सहज होतात. म्हणजे भरलेले दोन क्रेट कमी. पासिंगचं वजन वाढत नाही, ते आहे तेवढंच राहतं.

किट मागवताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगा. एकाच नावाच्या गाडीची चेसिस मध्येच बदललेली असते, मग भोकं जुळत नाहीत. भोकं जुळली नाहीत की माणूस ड्रिल हातात घेतो, आणि खरा घोटाळा तिथे होतो.

चेसिसच्या दांड्याची वरची आणि खालची सपाट पट्टी सगळा ताण सोसते. माल भरला की वरची दाबली जाते, खालची ताणली जाते. या दोन पट्ट्यांना भोक पाडायचं नाही, अगदी लहानसुद्धा नाही. त्या भोकाच्या काठावरून तडा सुरू होतो आणि खड्ड्याखड्ड्याला वाढत जातो. चांगलं किट कंपनीने आधीच ठेवलेल्या भोकांत बसतं किंवा दांड्याला यू-बोल्टने आवळतं. आपल्या किटला नवीन भोक लागतंय असं दिसलं तर काम थांबवा आणि चेसिसचं काम जाणणाऱ्या माणसाला दाखवा.

वेल्डिंगचंही तेच. "दोन टाके मारले की झालं" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. टाक्याच्या शेजारचं पोलाद तापून कमजोर होतं, आणि त्याच दांड्याच्या आतल्या अंगाने ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंग गेलेलं असतं. डिझेलची टाकीही शेजारीच. होडीच्या लोखंडी कामाला वेल्डर बोलावतो तसा इथे बोलवायचा नाही.

काही गाड्यांचा दांडा पन्हाळीसारखा एका बाजूने उघडा असतो, काहींचा चारी बाजूंनी बंद पेटीसारखा. बंद दांड्यातून बोल्ट आरपार जाणार असेल तर आत नळीचा तुकडा हवाच, भिंतीपासून भिंतीपर्यंत. तो किटमध्ये असतो. "ही काय एक्स्ट्रा नळी दिली" म्हणून बाजूला टाकू नका. ती नसेल तर बोल्ट आवळताना दांडाच चेपतो, बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि आठवड्यात ढिला पडतो.

आता गाडी उचलण्याबद्दल. हा भाग घरच्या बायकामंडळींनीही वाचावा, कारण हाक मारून थांबवायला त्याच जवळ असतात.

बहुतेक पिकअपला स्लायडर बसवायला गाडी उचलावीच लागत नाही. जमिनीपासून उंची पुरेशी असते, पाठीवर झोपून हात पोचतो. चाकं जमिनीवर, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे. उचलायचीच झाली तर सिमेंटच्या सपाट जागेवर, आणि जॅकने उचलून लगेच चेसिसखाली लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकवर सोडून खाली शिरायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा. आणि चिरा लावायचा नाही. आपल्याकडे ही वाईट सवय आहे, अंगणात चिरे पडलेले असतात म्हणून दोन चिरे एकावर एक ठेवले की झालं. चिरा भिंतीत चालतो कारण भार सगळीकडे सारखा पडतो. चेसिसची कडा एका रेघेवर भार टाकते, आणि पावसात भिजलेला चिरा तर कसलीही सूचना न देता फुटतो. आमच्या वाड्यावर दोन वर्षांमागे असाच फुटला. खालचा मुलगा पाना आणायला बाहेर आला होता म्हणून वाचला. वाळूवर जॅक लावणं तितकंच वाईट.

बसवायच्या आधी दोन दिवस चेसिस गोड्या पाण्याने धुवा. खालून, आतून, सगळीकडून. मासळीच्या क्रेटमधून गळणारं बर्फाचं पाणी खारटच असतं, ते हौद्यातून चेसिसवर उतरतं आणि मागच्या भागात साचतं. सुकल्यावर तारेच्या ब्रशने घासा आणि जिथे पाय बसणार तिथे हातोडीने हलके ठोका. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, किंवा पापुद्रे निघायला लागले, तर त्या जागी स्लायडर लावण्यात अर्थ नाही. आधी चेसिस दाखवा. स्लायडर जेवढा मजबूत, तेवढाच तो कुजलेला दांडा फाडून काढील.

आता खाऱ्या पाण्याचं थोडं जास्त लिहितो, कारण किटबरोबर येणाऱ्या कागदावर हे नसतं. ती किटं डोंगरात फिरणाऱ्यांसाठी केलेली असतात, आपल्यासाठी नाहीत.

गंज सगळ्यात आधी लागतो तो दोन पत्रे एकमेकांना चिकटतात त्या फटीत. पाणी आत शिरतं, बाहेर येत नाही. म्हणून स्लायडरच्या पायाची आतली बाजू आणि चेसिसची ती जागा, दोन्हींना जस्ताचा प्रायमर आणि वर रंगाचा पातळ हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. जाड थर नको, जाड रंग नंतर दबतो आणि बोल्ट ढिले होतात. मध्ये रबराचा तुकडा घालू नका, त्याच कारणाने. हे रंगकाम मे महिन्यातच उरका. जूनच्या दमट हवेत रंग वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आत ओला राहतो. बोल्ट मारायचं काम पावसात शेडखाली केलं तरी चालतं.

स्लायडरला कुठला लेप आहे तेही विचारा. काळी पावडर कोटिंग दिसायला छान, पण एक दगड लागून टवका उडाला की गंज कोटिंगच्या खालून पसरतो. गरम जस्तात बुडवून काढलेला मिळाला तर तो घ्या, दिसायला फिका असला तरी. ट्रॉलरच्या तळाला आपण जस्ताचे तुकडे लावतो, ते स्वतः झिजून लोखंड वाचवतात. इथेही तेच चालतं, ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं. पाइपची टोकं बंद आहेत का आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी गळायला लहान भोक आहे का, हेही बघा. भोक नसेल तर आत शिरलेलं खारं पाणी आतच राहतं.

बोल्टच्या बाबतीत एक गैरसमज आहे. समुद्राकाठी राहतो म्हणून स्टेनलेसचे बोल्ट लावूया, असं वाटतं. बाजारातला साधा स्टेनलेस बोल्ट 8.8 ग्रेडच्या पोलादी बोल्टपेक्षा ताणाला कमी टिकतो, शिवाय खाऱ्या पाण्यात त्याच्याभोवतीचं चेसिसचं लोखंड लवकर गंजू शकतं. बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 कोरलेलं असावं आणि त्याला जस्ताचा जाड लेप असावा. डोक्यावर काहीच कोरलेलं नसलेला बोल्ट इथे वापरू नका.

बसवताना एकाने स्लायडर पेलून धरायचा, किंवा खाली लाकडी ठोकळ्यावर ट्रॉली जॅक घेऊन टेकवायचा. एका बाजूचं वजन वीस-तीस किलो असतं, छातीवर घेऊन बोल्ट शोधत बसू नका. सगळे बोल्ट आधी नुसत्या हाताने फिरवा. एकही बोल्ट पान्याने घट्ट करू नका जोवर शेवटचा बोल्ट आत गेलेला नाही. मग पाइप उंबरठ्याला समांतर करा आणि पत्र्यापासून बोटभर तरी फट ठेवा. केबिन चेसिसवर रबरावर बसलेली असते, खड्ड्यात हलते. फट नसेल तर रोज घासून रंग जाईल. चारही दारं उघडून बघा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून चाक लागत नाही ना बघा, सायलेन्सरचा पाइप आणि ब्रेकच्या नळ्या मोकळ्या आहेत ना तेही बघा. मगच आवळा, मधल्या पायापासून दोन्ही टोकांकडे.

किती आवळायचं ते किटच्या कागदावर असतं, तेच पाळा. अंदाज म्हणून सांगतो, 8.8 ग्रेडच्या 10 मिमी बोल्टला साधारण 45 ते 50 न्यूटन मीटर आणि 12 मिमीला 80 ते 85 लागतात, आट्या कोरड्या असतील तर. आट्यांना ग्रीस लावलं तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून ग्रीस बाहेरून लावा, सगळं आवळून झाल्यावर. शेवटी प्रत्येक नटवरून चेसिसपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे कळतं. आठवडाभर चालवून सगळे नट पुन्हा तपासा, आणि मग बंदी संपताना एकदा, दिवाळीनंतर एकदा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलेला तपशील बदलेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. पुढच्या बंपरवरचे क्रॅश गार्ड आणि बुल बार यांच्यावर कारवाई करावी म्हणून केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलं होतं, ते तर लावूच नका. स्लायडर गाडीच्या रुंदीबाहेर आलेला नसावा, टोकं धारदार नसावीत. पासिंगला जाण्याआधी आरटीओत तोंडी विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवून त्याची पोच ठेवा. व्यवसायाची गाडी आहे, दावा अडकला तर हंगाम जातो.

संस्थेच्या शेडमध्ये टॉर्क पाना आणि घोड्यांची एक जोडी आहे. सभासदांना एका दिवसासाठी मिळेल, वहीत सही करून न्या आणि धुवून, पुसून परत आणा. कोणाला चेसिसची भोकं जुळत नसतील तर खालून फोटो काढून संस्थेच्या ग्रुपवर टाका, ड्रिल मारायच्या आधी.

– सचिव