ऐकू येतं पण कळत नाही? मग तोलाचीही तपासणी करून घ्या

आवाज येतो, पण समोरचा काय बोलला ते उमगत नाही. बाजारात किंवा लग्नाच्या मांडवात तर काहीच कळत नाही. अशी तक्रार असलेल्या काही रुग्णांना ऑडिटरी न्यूरोपॅथी असते. १९९६ मध्ये संशोधकांनी या आजाराला हे नाव दिलं. कानाच्या ओएई तपासणीत आतल्या पेशी हजेरी देतात, पण बेरा तपासणीत नसेचा आलेख येतच नाही किंवा वेडावाकडा येतो. जन्मतः जास्त कावीळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ, आनुवंशिक दोष अशी कारणं त्यामागे असू शकतात. काहींना हा त्रास ऐन तरुणपणी सुरू होतो.

इथपर्यंतची तपासणी बहुतेकांची होते. तोलाची मात्र राहून जाते.

कानाकडून मेंदूकडे जाणारी आठवी नस म्हणजे दोन नसांची जोडी. एक ऐकण्याची, दुसरी तोलाची. दोघी शेजारी शेजारी जातात, म्हणून एक बिघडली की दुसरीही बिघडलेली असू शकते. पण रुग्ण चक्कर येते असं सांगत नाही, आणि तिथंच सगळे फसतात. एका बाजूची नस अचानक गेली तर गरगरतं. दोन्ही बाजू हळूहळू, सारख्याच मंदावल्या तर मेंदू डोळे आणि पायांच्या भरवशावर काम भागवतो.

उजेडात, सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. रात्रीच्या लायटीवर दारं धरायला गेलं, अंधारात चिखलाच्या बांधावरून चालायची वेळ आली, की पाय अडखळतो. लोक भलताच संशय घेतात ते वेगळंच. विहिरीत पोहणं तर याहून धोक्याचं. पाण्याखाली पायाला जमीन नाही, डोळ्याला दिसत नाही, वर कुठं आणि खाली कुठं तेच समजत नाही. म्हणून तपासणी होईपर्यंत अशा माणसानं एकट्यानं विहिरीत उतरू नये.

तपासणीत व्हेम्प महत्त्वाची. मानेच्या स्नायूवर पट्ट्या चिकटवतात, मान वळवून ताणून धरायला सांगतात आणि कानात मोठा आवाज सोडतात. तोल शाबूत असेल तर स्नायू क्षणभर सैल पडतो, त्याची नोंद यंत्रावर येते. यातून तोलाच्या नसेची खालची शाखा कळते. डोळ्याखाली पट्ट्या लावून वरची शाखा बघतात. रुग्णाला तो आवाज नीट ऐकू आला नाही तरी चालतं. मात्र कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल तर निकाल चुकू शकतो, म्हणून आधी कान बघून घ्यावा लागतो.

दुसरी कॅलोरिक. कानात ३० आणि ४४ अंशाचं पाणी सोडून डोळ्यांची हालचाल मोजतात. थोडा वेळ गरगरतं, घाबरायचं कारण नाही. पडद्याला भोक असेल तर पाणी चालत नाही, हवा वापरतात. कॅमेऱ्याचा चष्मा लावून डोकं झटकन वळवण्याचीही एक तपासणी आहे, ती लवकर उरकते. डोळे मिटून मऊ गादीवर उभं करणं ही सगळ्यात साधी. त्यावेळी शेजारी माणूस हवाच.

लहान मूल मान उशिरा धरत असेल, उशिरा चालत असेल आणि ऐकण्याचीही शंका असेल, तर दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात. कॉक्लिअर इम्प्लांट ठरलं असेल तर ही तपासणी आधीच करून घ्यावी, कारण त्या शस्त्रक्रियेनं त्या बाजूचा तोल कमी होऊ शकतो. कोणत्या कानाचा तोल शाबूत आहे हे माहीत असलं की कान निवडायला डॉक्टरांना सोपं जातं.

तोल कमी निघाला तर फिजिओथेरपीचे व्यायाम आहेत, ते नेटानं करावे लागतात. या तपासण्या तालुक्याला सहसा होत नाहीत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची श्रवण संस्था आहे. लहान मुलांसाठी आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी; जाताना बेराचा जुना रिपोर्ट सोबत ठेवावा.